कर्नल ड्रायव्हरवर स्पार्स चालवल्यावर कास्टच्या वॉर्निंग्ज येतात. ‘__फोर्स’ लावून त्या बंद केल्या तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लिनक्ससाठी पीसीआय ड्रायव्हर लिहिलाय, एक्स८६ वर वर्षभर बिनतक्रार चालतोय. अपस्ट्रीमला (मूळ लिनक्समध्ये) पाठवण्याआधी स्पार्स, म्हणजे कर्नलचा सी कोड न चालवता तपासणारं टूल, चालवलं तर ३७ वॉर्निंग्ज आल्या. त्यातल्या २६ एकाच साच्यातल्या: ‘कास्ट टू रिस्ट्रिक्टेड __एलई३२’. सहा ठिकाणी ‘कास्ट रिमूव्ह्ज ॲड्रेस स्पेस __युजर’ आणि पाच किरकोळ. सीनियर म्हणतायत, जिथे बोंब आहे तिथे __फोर्स (कास्ट, म्हणजे टाइप बदलणं, मुद्दाम केलंय असं स्पार्सला सांगणारी खूण) लावा आणि मोकळे व्हा.

नका लावू. त्या २६ ठिकाणी तर नकोच, कारण माझ्या अंदाजाने त्या २६ ओळी बरोबर आहेत. चूक हेडर फाइलमध्ये एका ओळीत बसली असणार.

बघा, ही वॉर्निंग कधी येते? एलई३२_टू_सीपीयू() या मॅक्रोला लिटल-एंडियन (लहान बाइट आधी) आकडा हवा असतो, म्हणजे __एलई३२ टाइपचा. तुम्ही त्याला साधा यू३२ (३२ बिटी बिनचिन्ह आकडा) दिलात. स्पार्सचं म्हणणं एवढंच की हा तर साधा आकडा दिसतोय, तुम्ही त्याला लिटल-एंडियन समजून उलटवताय, नक्की का? आता तुमच्या डिस्क्रिप्टरचं (डिव्हाइस आणि ड्रायव्हर ज्यातून माहिती देतात-घेतात त्या नोंदीचं) स्ट्रक्ट उघडा. लांबी, फ्लॅग वगैरे जे फील्ड डिव्हाइस स्वतः लिहितं, ते यू३२ म्हणून जाहीर केलेलं असेल. ते __एलई३२ करा आणि पुन्हा चालवा. २६च्या २६ किंवा त्यातल्या बहुतेक एका झटक्यात जातील.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या जातील आणि बहुधा दोन-चार नव्या उगवतील, ‘रिस्ट्रिक्टेड __एलई३२ डिग्रेड्स टु इंटिजर’ अशा धर्तीच्या. म्हणजे अशा ओळी, जिथे कुणीतरी ते फील्ड न उलटवता सरळ वाचलंय, तुलना केलीय किंवा त्यात बेरीज केलीय. खरं पाणी मुरतंय ते तिथे. आज त्या ओळींवर एकही वॉर्निंग नाही, कारण यू३२ ची यू३२ शी बेरीज करायला कुणाची हरकत असणार? सव्वीस ठिकाणी __फोर्स लावला असता तर बरोबर ओळींवर कास्टचे डाग पडले असते आणि चुकीच्या ओळी कधीच दिसल्या नसत्या.

‘पण एक्स८६ वर तर चालतंय’ हे मला माहीत आहे. एक्स८६ स्वतःच लिटल-एंडियन आहे, त्यामुळे तिथे एलई३२_टू_सीपीयू() काहीच करत नाही. तो विसरला तरी चालतं, दोनदा लावला तरी चालतं. तोच कोड आयबीएमच्या एस३९० सारख्या बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) मशीनवर नेला की डिव्हाइसने लिहिलेला १ तुम्हाला १६७७७२१६ दिसतो. कितीही टेस्टिंग करा, एक्स८६ वर हा बग सापडणार नाही, कारण तिथे तो बग नाहीच.

याचा एक उलटा फायदा घ्या. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर ऑब्जेक्ट फाइलची डिसअसेंब्ली काढून डिफ करा. एक्स८६ वर काही फरक दिसायला नको; दिसला तर तुमच्या हातून भलतंच काही बदललंय. मग एस३९० साठी क्रॉस-कंपाइल करून तोच डिफ काढा. जिथे फरक दिसेल, तिथे खरा बग होता. हार्डवेअर हाताशी नसताना एवढा पुरावा मिळतो, आणि मेंटेनरला पटवायला तो पुरेसा असतो.

थोडं आडवळण: स्पार्स २००३ मध्ये टॉरवाल्ड्सनी लिहायला घेतलं ते युजर पॉइंटरसाठी. सीच्या दृष्टीने युजर-स्पेसचा पत्ता आणि कर्नलचा पत्ता यांत काडीचा फरक नाही, दोन्ही पॉइंटरच. तो फरक टाइपमध्ये आणण्यासाठी __युजर, __आयओमेम (डिव्हाइसची मेमरी) या खुणा आल्या. साध्या कंपाइलच्या वेळी त्या गायब असतात, स्पार्सला तेवढ्या दिसतात. एंडियनची तपासणी पूर्वी वेगळा फ्लॅग देऊन चालू करावी लागायची, कर्नल ४.१० पासून ती आपोआप होते. बिल्डला सी=१ दिलं तर फक्त पुन्हा कंपाइल होणाऱ्या फाइल्स तपासल्या जातात, सी=२ दिलं तर सगळ्या. ‘माझ्याकडे तर वॉर्निंग येत नाही’ म्हणणारे निम्मे लोक सी=१ वर असतात आणि फाइल आधीच कंपाइल झालेली असते.

आता __युजरच्या त्या सहा. त्या तुमच्या आयओसीटीएल (प्रोग्राम ड्रायव्हरला थेट आज्ञा देतो ती वाट) हँडलरमधल्या असतील तर बाकी सगळं सोडून आधी त्या बघा. कास्ट करून __युजर उडवला आणि पॉइंटर सरळ डीरेफरन्स केला, तर नव्या इंटेल मशीनवर स्मॅप (कर्नलला युजरच्या मेमरीला थेट हात लावू न देणारी प्रोसेसरची सोय, ब्रॉडवेलपासून आलेली) तिथल्या तिथे ऊप्स, म्हणजे कर्नलची एरर, देईल. पण स्मॅप नसलेल्या मशीनवर तोच कोड गुपचूप चालतो. चालतो कसा, तर समोरच्या प्रोग्रामने कर्नलमधलाच एखादा पत्ता पाठवला तरी त्यावर निमूट लिहितो. कॉपी_फ्रॉम_युजर() आधी पत्ता युजरच्या हद्दीतला आहे का ते तपासतं, तुमचा कास्ट तपासत नाही. आणि एक पळवाट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुमचे सीनियर सांगतील: पॉइंटर आधी अनसाइन्ड लाँगमध्ये कास्ट केला की स्पार्स गप्प बसतं. ती सोय आयओसीटीएलचा तिसरा आर्ग्युमेंट अनसाइन्ड लाँग असतो म्हणून आहे, वॉर्निंग गिळायला नाही.

मी हे इतकं तावातावाने सांगतोय कारण मी स्वतः हात पोळून घेतलेत. एका स्टोरेज ड्रायव्हरवर काम करत होतो. डिस्कच्या शेवटच्या ब्लॉकचा नंबर चार बाइट्समध्ये यायचा, मोठा बाइट आधी. पहिला बाइट २४ ने डावीकडे शिफ्ट, दुसरा १६ ने, असं करून मी तो जोडत होतो आणि ६४ बिटी व्हेरिएबलमध्ये ठेवत होतो. कव्हरिटी हे तपासणीचं टूल म्हणालं, इथे नकळत साइन एक्स्टेन्शन होतंय. मी अख्ख्या कंसाबाहेर यू६४ चा कास्ट लावला. ते पुन्हा तेच म्हणालं. मी ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ असा शिक्का मारून पुढे गेलो. साप म्हणून भुई धोपटायची खोडच आहे या टूल्सना, असंही बोललो होतो.

साप होता. सीमध्ये बाइट शिफ्ट करायच्या आधी तो इंट होतो, साइन्ड. पहिला बाइट १२८ असला की २४ ने शिफ्ट करून २१४७४८३६४८ व्हायला हवा, पण इंटची मर्यादा त्याच्या एकने अलीकडे संपते. तो झाला उणे. मग माझा कास्ट आला आणि त्या उणे आकड्याला रुंद करून १८४४६७४४०७१५६२०६७९६८ करून बसला. ५१२ बाइटच्या सेक्टरला पहिला बाइट १२८ केव्हा होतो? डिस्क १ टेबीबाइटच्या पुढे गेली की. आमच्याकडच्या टेस्टच्या सगळ्या डिस्क ५०० जीबीच्या. ग्राहकाने २ टीबीची लावली. बाकी तुम्ही ओळखलंच असेल. दुरुस्ती चार अक्षरांची: कास्ट कंसाच्या आत, पहिल्या बाइटलाच, शिफ्टच्या आधी. खरं तर गेट_अनअलाइन्ड_बीई३२() हे तयार फंक्शन असताना हाताने जोडायचं कारणच नव्हतं.

म्हणून माझी पद्धत: वॉर्निंग दिसली की त्या ओळीला हात लावायच्या आधी त्या व्हेरिएबलचं डिक्लरेशन बघायचं. दहापैकी आठ वेळा दुखणं तिथे निघतं. (मोजलेलं नाही, अनुभव म्हणून सांगतोय.)

याचा अर्थ __फोर्स पाप आहे असं नाही. ज्या एका फंक्शनचं कामच एका जगातला पत्ता दुसऱ्या जगात नेण्याचं आहे, तिथे तो शोभतो. कर्नलमध्येच आयओमेम_एरर_पीटीआर() बघा, एरर कोड आयओमेम पॉइंटरच्या वेषात परत द्यायला त्यात __फोर्स आहे. एकदा, एका मॅक्रोमध्ये, नाव देऊन. ड्रायव्हरच्या २६ ओळींत विखुरलेला __फोर्स वेगळा.

त्या किरकोळ पाचांत ‘कास्ट ट्रंकेट्स बिट्स फ्रॉम कॉन्स्टंट व्हॅल्यू’ असेल तर जीव टांगणीला लावू नका. एखाद्या फ्लॅगचं नॉट करून ते ८ बिटी रजिस्टरमध्ये लिहिलं की वरचे बिट्स कापले जातात आणि स्पार्स ओरडतं. बहुतेकदा तुम्हाला तेच हवं असतं. मात्र त्यात फंक्शन पॉइंटरचा कास्ट निघाला (हे जीसीसी कंपाइलर सांगेल, आवृत्ती ८ पासून तसा पर्याय आहे), तर तो नीट करा. ६.१ पासून क्लँग कंपाइलरने बांधलेल्या कर्नलमध्ये केसीएफआय (कॉल करताना फंक्शनचा टाइप तपासणारं संरक्षण) चालू असेल आणि कॉलबॅकचा टाइप जुळत नसेल, तर तो कॉल तिथेच सापळ्यात अडकतो.

पॅच दोन करा. पहिल्यात फक्त हेडरमधला टाइप आणि ज्याने डिसअसेंब्ली कुठेच बदलत नाही असे बदल. दुसऱ्यात त्या नव्याने उगवलेल्या दोन-चार ओळी. स्ट्रक्ट बदलल्यावर वॉर्निंग्जचा आकडा ३७ वरून कितीवर आला आणि नव्या कुठल्या आल्या ते कमेंटमध्ये टाका, त्या मी ओळीओळीने बघून सांगतो.