बाबा कशाने गेले, हे मुलाला सांगायचं का?

नवरा किंवा बायको व्यसनापायी ऐन तरुणपणी गेली की मागे राहिलेलं माणूस माझ्यासारख्या समुपदेशकाकडे हा प्रश्न घेऊन येतं, पण पहिल्या भेटीत तो सहसा विचारत नाही. पहिल्या भेटीत मुलाच्या तक्रारी असतात. (ओळख पटू नये म्हणून पुढचे तपशील बदलले आहेत.)

माझ्याकडे आलेल्या या आईचंही तसंच झालं. ८ वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता. बाबांचं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जायचा. वडील जाऊन पाच महिने झाले होते, गेले तेव्हा वय ३४. “सगळ्यांना हार्ट अटॅक सांगितलंय,” ती म्हणाली. “त्यालाही.” मग आवाज खाली आणून, “लिव्हर गेलं होतं, मॅडम. पोटात पाणी झालं होतं.”

मध्ये एकदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आल्यावर सात महिने तिच्या नवऱ्याने दारूचा थेंबही घेतला नव्हता. तिला सगळ्यात जास्त छळत होते ते हेच सात महिने. सतत पीतच राहिला असता तर त्याच्यावर नुसतं रागावता तरी आलं असतं.

मी मुलाबद्दल विचारत होते आणि ती लॅचबद्दल बोलायला लागली. रात्री बाहेरून किल्ली लावल्याचा आवाज यायचा. पहिल्या झटक्यात आत गेली तर आज बरा आहे. तीन-चारदा भोवती खरवडली, तर मुलाला उचलायचं, आतल्या खोलीत जायचं, कडी लावायची. “तो गेला त्या रात्री मी गाढ झोपले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. सकाळी उठले आणि स्वतःचीच किळस आली.”

हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता ते कुणी बोललं नाही, तर मीच हळूच विचारते. वर्षानुवर्षं रात्रीचा पहारा केलेलं शरीर पहारा उठला की झोपणारच. त्यावरून प्रेम मोजायचं नसतं. पण नातेवाईक “सुटलीस एकदाची” म्हणून मोकळे होतात, आणि मग तिला त्यांच्यासमोर रडायचीही चोरी. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान देत नाही, त्याबद्दल दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये सविस्तर लिहिलं. व्यसनाने गेलेल्या माणसाचं दुःख हे त्याचं अगदी चपखल उदाहरण. नको असलेलं मूल असल्यासारखं ते कोपऱ्यात उभं असतं.

मुलाला भेटले तेव्हा पहिली चूक माझीच झाली. कागद पुढे सरकवून म्हटलं, “बाबांची एक छान आठवण काढशील?” तो वीस मिनिटं पेन्सिलीचं टोक खरवडत बसला. कागद कोरा. पुढच्या वेळी मी “छान” हा शब्द गाळला. म्हटलं, कुठलीही चालेल.

त्याने बाटलीचं चित्र काढलं.

बाबांची बाटली त्याने दप्तरात, वह्यांच्या मागे लपवली होती. बाबा घरभर शोधत फिरले, कपाटं उपसली, ओरडले. शेवटी याने घाबरून ती काढून दिली. त्यानंतर आठवड्याभरात ते दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. “मी दिली नसती तर?” त्याने मला विचारलं नव्हतं, तो कागदाकडे बघून म्हणाला.

म्हणजे हार्ट अटॅकची गोष्ट त्याला कधीच पटली नव्हती. मुलांना अर्धं माहीत असतं आणि उरलेलं अर्धं ती स्वतःला दोषी धरून भरून काढतात. म्हणूनच, हो, सांगायचं. थोडं, सोप्या शब्दांत, आणि पुन्हा पुन्हा. फक्त “बाबा आजारी होते” एवढ्यावर थांबू नये, नाहीतर आईला साधा ताप आला तरी मूल रात्रभर जागं राहतं.

त्याच्या आईने काय सांगायचं ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं आणि तिने माझ्यासमोरच सांगितलं: “बाबांना दारूचं व्यसन होतं. तो एक आजार आहे. त्याने त्यांचं लिव्हर हळूहळू, खूप वर्षं खराब होत गेलं. तू दिलेल्या एका बाटलीने ते झालं नाही.” जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत हे व्यसन आहे, हे मी तिला आधी सांगितलं होतं. तिला ते शब्द खोटे वाटू नयेत म्हणून. व्यसनी माणसांच्या घरातल्या किशोरवयीन मुलांसाठी १९५७पासून ‘अ‍ॅलाटीन’चे गट चालतात. तिथे तीन गोष्टी घोकून घेतल्यासारख्या सांगतात: हे मी केलं नाही, ते माझ्या ताब्यात नव्हतं, मला ते बरं करता येणार नव्हतं. याने त्यातली पहिलीच तीनदा म्हणवून घेतली. आईकडून.

“आणि याला लागलं तर?” हा तिचा पुढचा प्रश्न. दारूच्या व्यसनाचा साधारण निम्मा धोका आनुवंशिक असतो असं जुळ्यांच्या अभ्यासातून दिसतं, आणि उरलेला निम्मा परिस्थितीचा. धोका आहे म्हणजे नशिबात लिहिलंय असं नाही. तो बारा-तेराचा झाला की त्याला हे सरळ सांगायचं, आणि ते सांगता यावं म्हणूनही आज लपवायचं नाही.

फोटोचं काय करायचं, हे मात्र मी तिच्यावर सोडलं. काही घरं सगळं कपाटात कोंबतात, काही गेलेल्या माणसाचा देव करून ठेवतात. दोन्हीकडे मुलाचे अर्धे बाबा गायब होतात.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर बाबा त्याची उंची पेन्सिलीने मोजायचे. रंगकाम काढलं होतं, ती चौकट रंगवावी की नाही असं तिने विचारलं. मी म्हटलं, त्याला विचारा. दोघं चौकटीजवळ बसले. रेघा नीट एकीवर एक चढत गेल्या होत्या, एक सोडून. ती तिरकी होती आणि तिच्या नंतरच्या तारखेची रेघ तिच्याखाली होती. “मी बुटका झालो होतो का?” असं म्हणून तो हसला. बाबा गेल्यापासून त्यांच्या विषयावर पहिल्यांदा. मग पेन्सिल आणून त्याने तिरक्या रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘बाबा प्यायले होते’. आणि तिच्या खालच्या रेघेपाशी, ‘इथे नव्हते’.

रंगाऱ्याने तेवढी चौकट सोडली.