दुसऱ्या शनिवारचं काय?

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

तू पाठवलेली यादी मी दोनदा वाचली. ऐरोलीच्या ऑफिसात तुला अजून वर्षही झालेलं नाही. साहेबांनी धर्मादाय धावेची जबाबदारी तुझ्यावर टाकली आणि तू आठ दिवसांत ४३ नावं जमवलीस. तुझी आई फोनवर किती वेळ त्याबद्दलच बोलत होती. तू विचारलंस, "मावशी, एवढ्या माणसांना रविवारी पहाटे आणायचं कसं आणि शेवटपर्यंत टिकवायचं कसं?" पहाटे आणायचं सांगते, ते सोपं आहे. टिकवायचं मात्र त्या एका रविवारपुरतं नाही, म्हणून पत्र लांबणार आहे.

आधी यादीबद्दल. या ४३ जणांपैकी आपणहून किती आले आणि साहेबांसमोर नाही म्हणता आलं नाही म्हणून किती, हे तुला ठाऊक आहे का? रबाळ्याच्या कारखान्यात मी २७ वर्षं अकाउंट्समध्ये होते. आमची पहिली धाव ठरली तेव्हा यादीचा कागद खात्याखात्यातून फिरला, आणि तो फिरताना खातेप्रमुख शेजारी उभे होते. स्टोअर्समधल्या एका सहकाऱ्याला दमा होता. त्यांनीही सही केली. अर्ध्या वाटेवर ते फुटपाथवर बसले. आम्ही दोघी त्यांच्याजवळ थांबलो, पंपाने औषधाची फवारणी घेतल्यावर हळूहळू श्वास सावरला. त्या अवस्थेतही ते एकच म्हणत होते, "साहेबांना सांगू नका." ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. म्हणून सांगते, यादी मीटिंगमध्ये फिरवू नकोस. एकेकाला डब्याच्या वेळी, एकटं गाठून विचार. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नकोस. आणि या धावेचा अप्रेझलशी काहीही संबंध नाही, हे साहेबांच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घे. नावं ४३ वरून २५ वर आली तरी चालेल.

जे उरतील त्यांच्या तब्येतीकडे बघ. ज्यांनी शाळा सुटल्यापासून पळालेलं नाही, त्यांना पाच किलोमीटर चालू दे. चालणं कमीपणाचं नाही. रक्तदाब, साखर किंवा छातीचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव पक्कं करू नकोस. आपल्याकडे पावसाळ्यात ऊन नसलं तरी हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, अंग आतून तापत जातं. नवख्यांना हे कळत नाही, ते ढगाळ हवा बघून जोरात सुटतात. सहा-आठ आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालायला सांग, मग मध्ये थोडं पळणं. ठाण्यातल्यांना उपवनचा काठ आहे, नेरूळकडच्यांना ज्वेल ऑफ नवी मुंबईची फेरी आहे. पाम बीचच्या मुख्य रस्त्यावर अंधारात सराव करायला कोणाला जाऊ देऊ नकोस, तिथे गाड्या फार वेगात असतात. आणि रविवार आहे हे लक्षात ठेव. सकाळी लोकल मिळतात, पण रुळांच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक असला तर तो साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो. पनवेल किंवा बदलापूरची माणसं असतील तर त्यांना फोटोसाठी अडवून ठेवू नकोस.

आता पैशांचं. मी आयुष्यभर व्हाउचर तपासले, त्यामुळे इथे थोडी कडक होते. प्रवेश फी म्हणजे देणगी नव्हे. त्यातला बराच भाग टीशर्ट, पदक, टायमिंगची चिप, पाणी, मांडव यात जातो आणि त्यात गैर काहीच नाही. पण "आम्ही धावलो म्हणजे मदत झाली" असं कोणी म्हणू लागलं तर आयोजकांना सरळ विचार की संस्थेच्या हातात नक्की किती पडतं. मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये देणगी गोळा करायची वेगळी व्यवस्था असते, धावणारा आपल्या संस्थेसाठी ओळखीच्यांकडून निधी उभा करतो. तसंच तुम्हीही करू शकता. फी वेगळी ठेवा, देणगी वेगळी जमवा, आणि ती थेट संस्थेच्या खात्यात जाऊ दे. तुझ्या खात्यात एक रुपयाही घेऊ नकोस. तुझ्यावर कोणाचा अविश्वास आहे म्हणून नव्हे. दोन वर्षांनी कोणी विचारलं तर तुला रात्री झोप लागायला हवी म्हणून. देणगीवरची प्राप्तिकर सवलत (जिला सगळे ८०जी म्हणतात) हवी असलेल्यांना सांग की ती जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनाच मिळते, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर मिळत नाही.

तुझे साहेब हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, दाखवू म्हणाले, असं तू लिहिलंस. त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांग. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावतं. पण जून २०१४ मध्येच केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रक काढून सांगितलं होतं की मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम त्यात धरता येणार नाहीत. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत काढून तीही त्यात दाखवता येत नाही. मला हा नियम मनापासून पटतो, आणि का पटतो ते सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

आमची पहिली धाव झाली. ३८ जण गेलो होतो, टीशर्ट पिवळे होते. धावेच्या निमित्ताने जमलेली रक्कम द्यायला आम्ही सहा जण ठाण्यातल्या एका विशेष मुलांच्या शाळेत गेलो. बरोबर केक, वेफर्स, फुगे. मुख्याध्यापिका बाईंनी चहा दिला, मुलांनी गाणं म्हटलं. निघताना मी विचारलं, आणखी काय आणू? बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "या आठवड्यात मुलांनी तिसऱ्यांदा केक खाल्ला. दोन दिवस त्यांची पोटं बिघडली होती, झोपेचं वेळापत्रक मोडलं होतं. खाऊ नको. आमच्या व्हीलचेअर कोणी बघून देईल का?"

आम्ही वाकून पाहिलं. एका खुर्चीचं पुढचं लहान चाक फिरतच नव्हतं. एकीचा ब्रेक दोरीने बांधलेला. एका मुलाची खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची होती, त्याचे पाय दिवसभर अधांतरी लोंबकळत होते. पाच मिनिटांपूर्वी याच मुलाबरोबर आम्ही फोटो काढला होता आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

हे काम अकाउंट्सचं नव्हतं, एचआरचंही नव्हतं. ते मेंटेनन्सच्या फिटरांचं होतं. आणि फिटर आमच्या यादीत नव्हतेच. शनिवारी त्यांची दुसरी पाळी रात्री उशिरा सुटायची, पहाटे धावायला ते येणार कुठून? त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. मी सोमवारी वर्कशॉपमध्ये जाऊन विचारलं. दोन कायम कामगार आणि दिघ्याहून येणारा एक कंत्राटी मुलगा तयार झाले. महिन्याचा दुसरा शनिवार ठरला, सकाळी नऊ ते बारा, म्हणजे पाळीला वेळेवर पोचता येईल.

पहिल्या खेपेला त्यांनी ११ खुर्च्या उलट्या करून पाहिल्या. चाकं अडकली होती ती केसांनी आणि दोऱ्यांनी. आसाभोवती ते गुंडाळत जातात आणि आतलं बेअरिंग खातात. ब्लेडने कापून, साफ करून, बेअरिंगचे नंबर वहीत उतरवले. त्या मुलाच्या पायांचं माप पॅकिंगच्या खाकी कागदावर घेतलं आणि पुढच्या खेपेला खुर्चीची पाय टेकवायची पट्टी वर करून आणली. शाळेच्या दारातला उतार फार चढा होता. आमच्या मेंटेनन्स इंजिनिअरांनी टेप लावून दाखवलं की एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी लागते, इथे जेमतेम सात होती. म्हणून शाळेतल्या मदतनीस ताईंना खुर्ची ढकलताना धाप लागायची आणि उतरताना मुलं घाबरायची. तो उतार नवा बांधायला संस्थेला पैसे लागले, आणि तिथे आमच्या धावेचे पैसे कामी आले. पुढच्या वर्षी धावताना आपण कशासाठी धावतोय हे सगळ्यांना माहीत होतं. पाच फूट कमी पडत होते, त्यासाठी.

सहा वर्षं ते चाललं. कारखाना हलल्यावर आमची पांगापांग झाली, तरी त्यातले दोघं अजून जातात. इतक्या वर्षांत तिथे नियमित येणारी माणसं कधी चार, कधी पाच. पहिल्या रविवारचे ३८, शनिवारच्या पहिल्या खेपेला नऊ, तिसऱ्या खेपेला चार. तुझंही तसंच होईल. निराश होऊ नकोस. चार माणसं पुरतात, फक्त ती तीच चार हवीत. शाळेतली मुलं चेहरा ओळखतात, आणि आज आलेला माणूस पुढच्या वेळी आला नाही की दाराकडे बघत राहतात.

तुझ्या ४३ नावांत हाऊसकीपिंगचं, सिक्युरिटीचं, कॅन्टीनचं एकही नाव नाही. तू मुद्दाम केलं नसशील. यादी पगारपत्रकावरून काढली की असंच होतं, कंत्राटी माणूस त्या कागदावर नसतोच. त्यांनाही विचार. पण नुसतं विचारून भागणार नाही. त्यांचा रविवार भरपगारी सुट्टीचा आहे का, बदली माणूस कंत्राटदार देईल का, फी आणि येण्याजाण्याचं भाडं कोण देणार, हे आधी कंपनीकडून ठरवून घे. आणि त्यांच्यापैकी कोणाला झोपायचं असेल तर झोपू दे. आठवड्यातून एकच सकाळ त्यांच्या हातात असते.

तुमच्यात कोणी खरंच चांगलं धावत असेल तर त्याला दृष्टिहीन धावपटूचा साथी व्हायला सुचव. दोघांच्या हातात एक आखूड दोरी असते. साथीने ओढायचं नसतं, शेजारी राहून सांगायचं असतं: पुढे खड्डा, आता गतिरोधक, डावीकडे पाणी साचलंय. स्पर्धांचा नियमच असा आहे की अंतिम रेषा आधी धावपटूने ओलांडायची, साथीने त्याच्यानंतर. यासाठी त्या माणसाबरोबर महिनोन्‌महिने सराव लागतो, एका सकाळचं ते काम नाही.

रक्तदानाचंही तू विचारलंस. ऑफिसच्या वर्धापनदिनी घेऊ नका, मे महिन्यात घ्या. कॉलेजं बंद असतात, लोक गावी गेलेले असतात, तेव्हा रक्तपेढ्यांना टंचाई जाणवते. पुरुषांनी दोन दानांमध्ये ९० दिवस आणि स्त्रियांनी १२० दिवस जाऊ द्यावे लागतात, म्हणून आधी विचारून घे. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत, आणि आमच्याकडे परत पाठवलेल्या बायकाच जास्त होत्या. त्यांना चारचौघांत ओशाळं वाटेल असं होऊ देऊ नकोस. डॉक्टरांना तिथेच थांबवून त्यांच्याशी बोलायला सांग. आमच्या पॅकिंगमधल्या एका बाईला आपल्या अंगात रक्त किती कमी आहे हे तिथेच पहिल्यांदा कळलं.

खाडीकाठची सफाई करायची तर ओहोटीची वेळ बघून जा, गमबूट आणि जाड हातमोजे न्या. कांदळवनाच्या मुळांत अडकलेली पिशवी ओढून काढू नका, मूळ तुटतं, कापून काढा. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, तरी पुढच्या भरतीला तितकंच प्लॅस्टिक परत येतं. तिथेही एकदा जाऊन भागत नाही.

तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नल शाळा आहे, तू बसमधून रोज बघतेस. २०१६ मध्ये कंटेनरांमध्ये सुरू झाली, सिग्नलवर गजरे विकणाऱ्या मुलांसाठी. तिथे कोणीतरी रोज सकाळी दार उघडतं. त्या रोजच्या दाराला तुमच्या ऑफिसातलं काय उपयोगी पडेल, हे तिथल्या शिक्षकांनाच विचार. स्वतः ठरवून नेऊ नकोस. तुमच्याकडे संगणकाची माणसं आहेत, हिशेबाची आहेत, कोणी गणित छान शिकवत असेल.

येत्या शनिवारी संध्याकाळी घरी ये. यादी घेऊन ये, पण त्यात एक रकाना वाढव: नावापुढे ते माणूस हाताने काय करू शकतं ते लिही. आमची बेअरिंगच्या नंबरांची वही मी कपाटातून काढून ठेवलीय. आणि तुझ्या टीममधल्या त्या गुडघा दुखणाऱ्या मुलाला आजच फोन कर, त्याला धावायला लावू नकोस.

तुझी,
मावशी