हरलेल्या डावांचं अक्षर

‘मॅडम, मुलगा हुशार आहे हो, पण स्पर्धेच्या दिवशी पोट धरून बसतो. बुद्धिबळ बंद करू का?’ हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन येतंच. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून जरा जास्तच.

नऊ वर्षांचा मुलगा. इथे त्याला चिनू म्हणू. डॉक्टरांकडे सगळं नॉर्मल निघालं होतं. बाबांचं निदान तयार होतं, ‘हरायला घाबरतो.’ सोबत स्कोअरशीटची, म्हणजे खेळताना मुलानं स्वतः चाली लिहिलेल्या कागदांची जाडजूड फाइल. मला घोडा अडीच घरं जातो यापलीकडे फारसं कळत नाही, म्हणून चाली सोडून मी अक्षर बघत बसले. जिंकलेल्या डावांत टपोरं, सुवाच्य. हरलेल्यांत विसाव्या चालीनंतर नुसता गिचमिडा.

आईबाबांना बाहेर बसवून चिनूला विचारलं. बराच वेळ तो सोफ्याच्या कव्हरचा दोरा ओढत राहिला. मग म्हणाला, ‘वाचता आलं की बाबा गाडीत मोबाइलवर टाकतात. मग लाल होतं.’ मोबाइलवरचं बुद्धिबळाचं अ‍ॅप चुकलेल्या चाली लाल दाखवतं, ते.

‘मग? रागावतात?’

‘नाही. काहीच बोलत नाहीत.’

म्हणजे पोट दुखायचं ते परतीच्या त्या पाऊण तासासाठी. आणि पठ्ठ्यानं त्यावर उपायही शोधला होता!

बाबांना थेट सांगून उपयोग नव्हता. अशा वेळी माणसं मान डोलावतात आणि घरी जाऊन तेच करतात. म्हणून ‘सर्चिंग फॉर बॉबी फिशर’ तिघांनी एकत्र बघायला सांगितला. १९९३ चा चित्रपट, न्यूयॉर्कच्या जॉश वेट्झकिनच्या लहानपणावरचा. मूळ पुस्तक त्याच्या वडिलांचंच. सात वर्षांचा जॉश वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कातल्या लोकांचा खेळ बघत शिकतो आणि घरी पहिल्यांदा बाबांशी खेळताना मुद्दाम हरतो. पुढे आई नवऱ्याला सुनावते, की पोराला हरण्याची भीती नाही, तुमचं प्रेम जाईल याची आहे.

पुढच्या वेळी चिनू खुशीत होता. स्पर्धेत गोंधळ घालणाऱ्या पालकांना तळघरात कोंडतात आणि पोरं टाळ्या वाजवतात, तो प्रसंग त्यानं तीनदा लावला होता. ‘आपल्याकडे का नाही करत असं?’ आईचं ते वाक्य आलं तेव्हा बाबा पाणी प्यायला उठून गेले, हे मला त्याच्या आईनं सांगितलं.

शेवटी जॉश समोरच्याला बरोबरी देऊ करतो, ते मला थोडं गोडच वाटतं. खरा जॉश इंटरनॅशनल मास्टर झाला, त्याच्या वरचा ग्रँडमास्टर नाही. नंतर बुद्धिबळ सोडून ताई ची या चिनी युद्धकलेकडे वळला. हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा उतरला. उतरू दे म्हटलं.

खेळ बंद केला नाही. ठरलं एवढंच : स्कोअरशीट सरांकडे जाईल, बुधवारच्या क्लासला. गाडीत डावाचा विषय नाही. पहिल्या रविवारी पोट दुखलंच. दुसऱ्याही.

महिन्याभरानं बाबांनी मला एक कागद दाखवला. हरलेला डाव, शेवटच्या चालीपर्यंत लख्ख वाचता येणारा. ‘स्वतःहून दिला मॅडम. मी अजून मोबाइलवर टाकलेला नाही.’

‘अजून म्हणजे?’

ते हसले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.