निगेटिव्ह रिपोर्टवर शंका घेण्याची नोकरी

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषाणूंच्या तपासण्यांतच काम करायचं म्हणते. पण लॅबमध्ये आता किट मशीनमध्ये घालायचं नि रिपोर्ट छापायचा, एवढंच उरलंय असं ऐकतो. यात पुढे काय? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. तुम्ही ऐकलंत ते निम्मं खरं आहे. नुसतं मशीन चालवायला शिकलं तर पगारही तिथेच अडकतो. मशीन कधी फसतंय हे ओळखणारी माणसं मात्र शोधावी लागतात.

फ्लूचंच बघा. या विषाणूला स्वतःच्या नकला काढताना शुद्धलेखन तपासायची सवय नाही, त्यामुळे चुका साचत जातात. आरटी-पीसीआर ही तपासणी विषाणूच्या जनुकाच्या चक्रामागून चक्र नकला काढून तो शोधते. तीत प्रायमर म्हणून वीसेक जनुकीय अक्षरांचा तुकडा विषाणूच्या जनुकातल्या ठरलेल्या जागी चिकटतो. फ्लूच्या ए प्रकारासाठी बहुतेकदा एम जनुक निवडतात, कारण ते फारसं बदलत नाही. पण बदलतं! ए प्रकारातल्याच एच३एन२ या उपप्रकाराच्या एम जनुकातल्या बदलांमुळे काही किट कमी पडल्याच्या नोंदी आहेत. प्रायमरच्या सुरुवातीचं अक्षर जुळलं नाही तर बऱ्याचदा निभावतं; जिथून नक्कल पुढे वाढते ते शेवटचं अक्षर चुकलं की पंचाईत. रुग्ण तापाने फणफणलेला, आणि स्क्रीनवर २२व्या चक्राला उठायची रेघ ३५व्याला कशीबशी उठते, नाहीतर सपाटच राहते. रिपोर्ट निगेटिव्ह.

दर वेळी दोष म्युटेशनचाच नसतो. स्वॅब नीट घेतला नाही किंवा उशिरा घेतला, हीच कारणं जास्त. यातलं नेमकं कुठलं, हे शोधणं हेच ते काम.

२००९च्या स्वाइन फ्लूत झटपट किटची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती जण पकडले जातात ते प्रमाण, १० ते ७० टक्के इतकी खालीवर दिसली होती. पुढे २०१७मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने अशा किटचे नियम कडक केले; कंपन्यांना दरवर्षी चालू विषाणूंवर किट पारखून दाखवावं लागतं. म्हणजे किट बनवणाऱ्यांकडेही ही माणसं लागतात.

तेव्हा पदवी अर्धवट सोडून डीएमएलटीकडे, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेकडे वळवू नका. पुढे विषाणूशास्त्र किंवा बायोइन्फर्मेटिक्स (संगणकावर जनुकांचा अभ्यास) यामध्ये एम.एस्सी. करू दे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा विषाणूशास्त्राचा अभ्यासक्रम पुणे विद्यापीठाशी जोडलेला आहे. प्रवेशाची यंदाची माहिती संस्थेकडूनच घ्या.

आणि या सुट्टीत तिला एक काम द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्लू तपासणीच्या कागदपत्रांत प्रायमरची अक्षरं छापलेली असतात. एनसीबीआय या अमेरिकी जनुक-माहितीच्या संकेतस्थळावरून एम जनुकाचे जुने-नवे पन्नास अक्षरक्रम फुकट उतरवून ते प्रायमर त्यांच्याखाली लावून बघू दे. न जुळणारं अक्षर सापडल्यावर ती रात्री जेवायला उठते का, तेवढं मला कळवा.