काठावरच्या गवताला नावं ठेवू नका

प्रश्न : ताई, सप्टेंबरात यजमान आणि मी स्पेनमधल्या मायोर्का बेटावर जातोय. तिथल्या एस त्रेंक किनाऱ्याची पांढरी वाळू फोटोत पाहूनच हॉटेल ठरवलं. आता तिथे जाऊन आलेली मैत्रीण म्हणते, काठावर तपकिरी गवताचे ढीग पडलेले असतात नि वास मारतो. हॉटेल बदलू का? शिवाय मला पोहता येतं, पण या वयात सिलिंडर बांधून खाली उतरायची छाती नाही. मग पाण्याखालचं काही दिसेल का? – एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, हॉटेल अजिबात बदलू नका. मी त्याच बेटावर लोकांना स्नॉर्कलिंगला नेते, त्यामुळे हा प्रश्न रोज ऐकते, तोही बहुधा नाक दाबून विचारलेला! ज्या वाळूवर तुमचा जीव जडलाय, ती या गवताचीच देणगी आहे.

याचं नाव पोसिडोनिया, समुद्राच्या तळाशी याची कुरणं असतात. दिसायला शेवाळासारखं, पण याला मुळं, खोड, पानं आहेत, फुलं-फळंही येतात. रिबिनीसारखी, बोटभर रुंदीची पानं शरदात गळतात आणि वादळी लाटा ती काठावर आणून टाकतात. हिवाळ्यात समुद्र खवळला की हेच ढीग लाटांचा मार झेलतात, म्हणून मागची वाळू टिकते. आणि वाळू म्हणाल तर तीही बरीचशी शिंपल्यांचा नि इतर समुद्री जिवांच्या कवचांचा चुरा; त्यातले कितीतरी जीव या कुरणातच वाढलेले असतात. यंत्र लावून गवत ओढलं की वाळूही सोबत जाते. तरी पर्यटकांच्या तक्रारींपायी मोसमात ठिकठिकाणी ते उचलतातच, मला काही ते पटत नाही. वास मात्र येतो, तो नाकारत नाही. चार पावलं पुढे सरकून बसा. जमलं तर वाळूतला एखादा तपकिरी गोळा हातात घेऊन बघा. लाटांनी त्याच झाडाचे धागे वळून वळून केलेला असतो, हाताला थेट नमद्यासारखा लागतो.

कुरण वाढतं वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर. त्यामुळे बोटीच्या नांगराने उपटलेला पट्टा भरून यायला कित्येक दशकं लागतात. म्हणून 2018 पासून बालेआरिक बेटांत, म्हणजे मायोर्का ज्यात मोडतं त्या बेटसमूहात, कुरणावर नांगर टाकायला कायद्याने बंदी आहे. शेजारच्या इबिझा-फॉर्मेन्तेराची कुरणं तर 1999 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

आता पाण्याखालचं. त्यासाठी सिलिंडर कशाला हवा? मुखवटा आणि नळी पुरते. मात्र एस त्रेंकच्या वाळूवर तरंगत बसाल तर वाळूच दिसेल. एक दिवस मोंद्रागोच्या खाडीत जा आणि कडेच्या खडकाला धरून पोहा. खडक जिथे गवतात उतरतो तिथे थांबा, घाई करू नका. अंगावर सोनेरी रेघा असलेले सालेमा मासे कळपाने चरताना दिसतील. त्यांनी कुरतडलेल्या पानांच्या कडांना अर्धगोल खाचा असतात, त्या नीट बघा. खडकाच्या फटीबाहेर रिकाम्या शिंपल्यांचा ढीग दिसला तर आत ऑक्टोपस राहतोय असं समजा. समोर शांत तरंगत राहिलात तर एक डोळा हळूच बाहेर येतो. समुद्री साळिंदर, म्हणजे काटेरी गोळ्यासारखा जीव, अंगावर शिंपल्याचा नाहीतर पानाचा तुकडा पांघरून बसलेलं असतं, म्हणून पायात रबरी बूट हवेतच. गवतात हातभर उंच, उभी, रिकामी शिंपली दिसली तर ती पिन्ना. 2016 पासून एका परजीवीने या जातीचा जवळजवळ सफायाच केला. एखादी जिवंत आढळलीच तर हात न लावता पुढे जा.

प्रश्न : भरती-ओहोटीच्या वेळा कुठे बघायच्या?

उत्तर : बघूच नका. अटलांटिकशी जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटरची, त्यामुळे इथे पाणी वीतभर चढतं नि उतरतं. बघायचा तो वारा. उन्हाळी दिवसांत दुपारी समुद्रावरून वारा सुटतो नि पाणी ढवळतं, म्हणून मी लोकांना सकाळीच नेते. लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही. सप्टेंबरात पाणी 25 अंशांच्या आसपास असतं, कुडकुडणार नाही.

प्रश्न : जेलीफिश चावली तर?

उत्तर : तिथे त्रास देते ती बहुधा जांभळट रंगाची पेलाजिया. डंख समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी नको, चोळणं नको, व्हिनेगरही नको, या जातीवर त्याचा उलटा परिणाम होतो. मग सरळ जीवरक्षकाच्या चौकीवर जा. धाप लागली किंवा चेहरा सुजला तर 112 ला फोन करायला सांगा.