‘नाही म्हटलं तर मी स्वार्थी ठरेन का?’

नर्सिंग शिकवणारी मंडळी माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. सगळ्यांच्या अडीनडीला धावून जायची सवय लागलेली असते, आता झेपत नाही, पण नकार द्यायला जीभ रेटत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच नाशकात, म्हसरूळला. नर्सिंग कॉलेजंही शहरात बरीच. त्यामुळे ही तक्रार माझ्या ओळखीची झालीय. त्यातल्याच एका मॅडमची ही हकिगत. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मॅडम बीएस्सी नर्सिंगच्या मुलींना प्रसूतिशास्त्र शिकवतात. झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या. रक्ततपासण्या करून झालेल्या, सगळं नॉर्मल. ‘‘रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो,’’ म्हणाल्या. ‘‘मदत करणं हा माझा स्वभाव आहे हो, पण आता तोच अंगाशी येतोय.’’

गेल्या महिन्यात नेमून न दिलेलं काय काय केलंत, ते आठवेल तसं सांगा, असं मी म्हटलं. नव्या ट्यूटरला डेमोचा ट्रे कसा मांडायचा ते दाखवलं. एका सहकारी मॅडमच्या सासूबाई ॲडमिट होत्या, त्यांचे तास घेतले. व्हायव्हाच्या आदल्या दिवशी रडणाऱ्या मुलीला जवळ घेऊन बसल्या. हे सांगताना चेहरा खुलला होता. मग आवाज खाली आला. स्टाफच्या ग्रुपवर निरोप होता: ‘रविवारच्या शिबिराला सर्वांनी स्वेच्छेने उपस्थित राहावे. गैरहजर राहणाऱ्यांनी लेखी कारण द्यावे.’ (या दोन वाक्यांना शेजारी शेजारी बसवणाऱ्याचं मला खरंच कौतुक वाटतं.) त्यानंतर त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने लॉगबुकांचा, म्हणजे मुलींनी केलेल्या तपासण्या नोंदवून शिक्षिकेची सही घ्यायच्या वह्यांचा विषय निघाला.

एका सहकारी मॅडमच्या बॅचचं पोस्टिंग गरोदर मातांच्या ओपीडीत होतं. त्या मॅडम इन्स्पेक्शनच्या फायलींत अडकलेल्या, मुली व्हरांड्यात उभ्या. सबमिशन जवळ आलं तसा लॉगबुकांचा गठ्ठा आमच्या मॅडमच्या टेबलावर आला. ‘‘ताई, तेवढ्या सह्या करून दे ना. तू तर त्याच ओपीडीत असतेस.’’ यांनी करून दिल्या.

पुढच्या आठवड्यात त्यातलीच एक मुलगी यांच्यासमोर आली. तपासायला आलेल्या गरोदर बाईच्या बाळाचे ठोके ऐक, म्हटल्यावर तिने फीटोस्कोप (पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायचं साधन) थेट बेंबीवर टेकवला आणि थोड्या वेळाने सांगितलं, ‘‘१४४, मॅडम.’’ आकडा अगदी व्यवस्थित. मिनिटाला ११० ते १६० हे नॉर्मलच. पण ठोके नीट ऐकू येतात ते बाळाच्या पाठीच्या बाजूला, आणि पाठ कुठे आहे हे आधी पोट चाचपून शोधावं लागतं. ते तिने केलंच नव्हतं. मॅडमनी त्याच जागी कान लावला तर काहीच नाही. ठोके मिळाले बेंबीच्या खाली, डावीकडे. बाई गेल्यावर विचारलं, ‘‘१४४ कुठून आणलंस?’’ मुलगी म्हणाली, ‘‘पुस्तकात साधारण तेवढेच असतात ना.’’ तिच्या लॉगबुकात या तपासणीपुढे सही मॅडमचीच होती. झोप उडाली ती त्या दिवसापासून.

डेनिस ऑर्गन या अमेरिकी अभ्यासकाने १९८०च्या दशकात अशा जादा मदतीची व्याख्या केली: जी केली नाही म्हणून सहसा शिक्षा नाही आणि केली म्हणून थेट मोबदला नाही, ती. तास घेणं, ट्रे शिकवणं यात चपखल बसतं. रविवारचं शिबिर बसत नाही. लेखी कारण मागितलं की ती ड्युटी झाली. इस्रायलच्या एरान विगोदा-गडोट यांनी २००६ साली याच सक्तीच्या चांगुलपणावर लिहिलंय. आपल्याकडे त्याचं मूळ बरेचदा रिकाम्या जागांत असतं. नर्सिंग परिषदेच्या निकषानुसार १० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक हवा; पदं भरली नाहीत की उरलेलं ‘आपलं कॉलेज, आपली माणसं’ यावर भागवलं जातं.

सहीचं मात्र मला वेगळं वाटतं, आणि ते मी मॅडमना स्पष्ट बोलले. तास घेतलात तेव्हा तुमचा वेळ गेला, तो तुमचा होता, तुम्ही दिलात. सही केलीत तेव्हा किंमत ओपीडीत टेबलावर झोपलेल्या बाईच्या खात्यावर गेली, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. नर्सिंगच्या शिक्षिकेची सही म्हणजे ‘मी समोर उभी राहून पाहिलं’ अशी साक्ष. ती उसनी देता येत नाही, मैत्रिणीलाही.

मग आम्ही नकाराची तालीम केली. पहिल्या खेपेला मॅडमनी इतकी क्षमा मागितली की नकार त्यात हरवूनच गेला. छाटत छाटत उरलं ते असं: ‘‘अगं, न पाहता सही नाही करणार. शुक्रवारी तुझ्या मुली माझ्याबरोबर ओपीडीला पाठव, करून घेते, मग करते.’’ आधी केलेल्या सह्यांचं काय, हा अवघड भाग होता. मॅडमनी स्वतः विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. बोलणी खाल्ली. त्या नोंदी रद्द झाल्या, मुलींनी तपासण्या पुन्हा केल्या, यांच्या देखरेखीखाली, खऱ्या तारखांनी.

सहकारी मॅडमनी काही दिवस चहाला बोलावलं नाही. आता बोलावतात. स्वार्थी म्हणून शिक्का बसला का? एकदोघींनी कुजबूज केली असेल; नव्या ट्यूटर अजून यांच्याकडेच विचारायला येतात. ऑर्गनच्या यादीत संस्थेच्या कारभारात लक्ष घालणं, मीटिंगमध्ये बोलणं हाही सहकार्याचाच प्रकार धरलाय, हे ऐकून मॅडमना धीर आला. शिबिराच्या बदली सुट्टीचा विषय त्यांनी प्राचार्यांकडे लेखी दिला. ‘‘बघू,’’ असं उत्तर आलंय. झोप बरी आहे, रविवारची संध्याकाळ अजून जड जाते. त्यावर आमचं काम चालू आहे.