रस्ता मंजूर आहे, मग काम का थांबलंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

निधीअभावी रखडलेल्या गावरस्त्यांबद्दल मराठवाड्यातल्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

आमच्या चार किलोमीटर रस्त्याचं भूमिपूजन होऊन दीड वर्ष झालं. फलकावर दोन कोटींचा आकडा आहे. कार्यालयात विचारलं की 'निधी नाही' एवढंच उत्तर मिळतं. मग मंजूर झालेले दोन कोटी गेले कुठे?
– गेवराई, जि. बीड

ते कुठे गेले नाहीत, कारण ते अजून आलेलेच नाहीत. फलकावर लिहितात तो प्रशासकीय मान्यतेचा आकडा. ही मान्यता म्हणजे या कामावर एवढ्या रकमेपर्यंत खर्च करायला शासनाची हरकत नाही, एवढंच. पैसा दुसऱ्या वाटेनं येतो. आधी अर्थसंकल्पात तरतूद व्हावी लागते, मग त्या तरतुदीतून वर्षभरात हप्त्याहप्त्यानं निधी वितरित होतो. बांधकाम विभागाच्या कामांची यादी ज्यात छापतात त्या 'व्हाइट बुक'मध्ये प्रत्येक कामासमोर त्या वर्षाची तरतूद दिलेली असते. दोन कोटींच्या कामापुढे दहा-वीस लाखच दिसणं नेहमीचं आहे. कधी तर फक्त एक हजार रुपयांची टोकन तरतूद असते. काम 'बजेटला लागलं' असं म्हणता येतं, पण त्या पैशात डांबराचा एक टँकरही येत नाही.

रखडण्याचं मूळ इथेच आहे. मंजूर कामांची एकूण किंमत आणि दरवर्षीची तरतूद यांचा मेळ बसत नाही. चालू वर्षाच्या तरतुदीतून आधी मागच्या कामांची देणी, म्हणजे दायित्व, भागवावं लागतं. जिल्हा वार्षिक योजनेत दायित्व वजा जाता उरलेल्या निधीच्या दीडपट कामं घेण्याची पद्धत आहे. म्हणजे नव्या कामांपैकी काहींचा पैसा पुढच्याच वर्षी मिळणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. राज्य पातळीवर पुरवणी मागण्यांमधून, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच मंजूर होणाऱ्या जादा खर्चातून, कामं वाढतात आणि ही तफावत आणखी रुंदावते.

म्हणून 'निधी कधी येणार?' असं मोघम विचारू नका. माहिती अधिकाराच्या अर्जात नेमक्या पाच गोष्टी मागा: कामाचं लेखाशीर्ष (ज्या खात्यातून खर्च होतो त्याचा क्रमांक) आणि व्हाइट बुकमधला बाब क्रमांक, प्रशासकीय मान्यतेची तारीख व रक्कम, तांत्रिक मान्यता (अभियंत्यांनी अंदाजपत्रकाला दिलेली) आणि कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा) यांच्या तारखा, चालू वर्षाची तरतूद, आणि 'बीम्स' या शासनाच्या ऑनलाइन निधी वितरण प्रणालीवर प्रत्यक्ष वितरित झालेला व खर्ची पडलेला निधी. अर्ज कार्यकारी अभियंता कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच विभागात आणि दुसरं राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे करता येतं.

उत्तरात तरतूद शून्य किंवा टोकन निघाली, तर कार्यकारी अभियंत्याकडे खेटे घालण्यात अर्थ नाही. तो निर्णय त्यांच्या हातात नसतो. मागणी आमदारांकडे करा, आणि ती पुरवणी मागण्यांच्या आधी करा. पावसाळी अधिवेशन आणि डिसेंबरचं नागपूर अधिवेशन हे तरतूद वाढवून घेण्याचे दोन मोके असतात. तरतूद आहे पण वितरण नाही, असं असेल तर पाठपुरावा मंत्रालयात बांधकाम आणि वित्त विभागाकडे करावा लागतो.

जिल्हा परिषद म्हणते रस्ता बांधकाम विभागाचा, बांधकाम विभाग म्हणतो जिल्हा परिषदेचा. खरा मालक कसा ओळखायचा?
– औसा, जि. लातूर

रस्त्याचा दर्जा आणि क्रमांक विचारा. राज्य महामार्ग, प्रमुख राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. 'प्रजिमा', 'इजिमा' किंवा 'ग्रामा' आणि पुढे आकडा, असा प्रत्येक रस्त्याचा क्रमांक रस्ते विकास योजनेच्या नकाशात आणि यादीत असतो. किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा असेल तर राज्य महामार्ग, पिवळा असेल तर राष्ट्रीय. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर नारिंगी माथा दिसतो.

एक अपवाद ध्यानात ठेवा. प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेला रस्ता काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं त्याच ठेकेदाराकडे देखभालीला असतो. योजनेच्या फलकावर ही तारीख लिहिलेली असते. पाच वर्षं झाली नसतील तर खड्ड्यांची तक्रार थेट त्या योजनेच्या कार्यकारी अभियंत्याकडे करा.

मार्चमध्ये मोठी खडी पसरली, थोडी दबाई झाली आणि ठेकेदार गेला तो परतलाच नाही. जमीन काळी आहे. दुचाकी घसरतात, एसटीही गावाबाहेरूनच फिरते. पावसाळ्याआधी काय करून घ्यावं?
– जिंतूर, जि. परभणी

रस्त्यासाठी याहून वाईट अवस्था दुसरी नाही. जुना रस्ता मोडलेला, नवा अर्धवट, आणि खाली काळी माती. ठेकेदार नेमका इथेच का थांबतो तेही सांगतो. पावणेचार मीटर रुंदीच्या रस्त्यावर साडेसात सेंटिमीटर जाडीच्या खडीच्या एका थराला किलोमीटरमागे साधारण सव्वाशे ते एकशे चाळीस ब्रास खडी लागते. ती क्रशरवरून उधारीवर मिळते. पुढे २० मिलिमीटर कारपेट (डांबरी खडीचा थर) आणि सीलकोट (त्यावरचा फटी बुजवणारा पातळ थर) यांना किलोमीटरमागे नऊ-दहा टन डांबर लागतं आणि ते रोखीनं उचलावं लागतं. खडीचं बिल अडकलं की डांबराला पैसा राहत नाही.

आता धोका कुठे आहे ते पाहा. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि मऊ पडते. उघड्या खडीच्या फटींतून पाणी खाली उतरलं की वरून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली खडी मातीत रुतते आणि चिखल खडीतून वर येतो. एकदा असं झालं की तो थर वाया गेला समजा. दिवाळीनंतर त्यावर नुसतं डांबर ओतलं तर पुढच्याच हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांखाली ते फुटणार.

म्हणून मेअखेरपर्यंत उपविभागीय अभियंत्याकडून तीन कामं करून घ्या. पहिलं, खडीच्या फटी बारीक खडी आणि चाळलेल्या मुरमानं भरून, पाणी मारून, आठ-दहा टनी रोलरनं पक्की दबाई. मुरूम चिकट नको. ओला गोळा करून तळहातावर वळला आणि त्याची लांब वात झाली तर त्यात माती जास्त आहे, तो परत पाठवा. दुसरं, उतार. रस्त्याच्या आडवी दोरी ताणून बघा: मध्यभाग कडेपेक्षा सुमारे पाच सेंटिमीटर उंच हवा. तो सपाट असेल तर पाणी रस्त्यावरच थांबणार. तिसरं, पाण्याला वाट. साइडपट्टी गवतानं वाढून रस्त्यापेक्षा उंच झाली असेल तर ती कापून घ्या, चर मोकळा करा, मोऱ्यांची तोंडं गाळातून काढा. यातलं तिसरं काम सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. जिथे नांगर थेट साइडपट्टीपर्यंत येऊन चर बुजला आहे, तिथे शेजारच्या शेतकऱ्याशी गावानंच बोलायला हवं. अभियंता आज चर काढून देईल, पण पुढच्या पेरणीला तो पुन्हा बुजेल.

काम चालू असताना रस्ता वाहतुकीयोग्य ठेवणं ही निविदेच्या अटींनुसार ठेकेदाराची जबाबदारी असते. अर्जात त्या अटीचा उल्लेख करा. एसटी बंद असेल तर आगार व्यवस्थापकांकडून 'रस्ता बससाठी असुरक्षित' असं लेखी घ्या आणि ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडा. कुठलं काम आधी घ्यायचं हे ठरवताना अशा लेखी कागदाला वजन येतं.

पावसाळ्यानंतर काम पुन्हा सुरू होईल तेव्हा आधी दोन-तीन ठिकाणी फूटभर लांब-रुंद खड्डा खणून थराची जाडी मोजायला लावा. खडीत काळी माती मिसळलेली दिसली तर तेवढा भाग काढून नव्यानं भरल्याशिवाय डांबर टाकू देऊ नका.

ठेकेदार म्हणतो बिल थकलंय. ग्रामसभेत त्याला काळ्या यादीत टाकण्याचा ठराव करावा का?
– अंबड, जि. जालना

घाई करू नका. आधी मोजमाप पुस्तिका पाहा. झालेल्या कामाचं मोजमाप शाखा अभियंता त्यात नोंदवतो आणि बिल त्यावरूनच निघतं. माहिती अधिकारात ती प्रत्यक्ष पाहायला मागता येते आणि पाहणीचा पहिला तास मोफत असतो. मोजमाप झालं, बिल सादर झालं आणि पैसे मिळाले नाहीत, असं असेल तर ठेकेदार खरं बोलतोय. थकीत देयकांसाठी राज्यभरातल्या ठेकेदारांनी २०२५ मध्ये आंदोलनं केली, ती उगाच नव्हती. छोट्या ठेकेदाराची सगळी पुंजी अशा दोन-तीन कामांत अडकून पडते आणि त्याच्याकडच्या मजुरांचे पगारही.

पैसे मिळूनही काम बंद असेल तर मात्र कारवाईची मागणी जरूर करा. पण तिची किंमत ठाऊक असू द्या. करार रद्द झाला की उरलेल्या कामाचं मोजमाप, नवं अंदाजपत्रक, फेरनिविदा यात अनेक महिने जातात, आणि नवं अंदाजपत्रक जुन्या पैशात बसत नाही. गौण खनिजाचं, म्हणजे खडी-मुरमाचं, स्वामित्वधन (रॉयल्टी) २०२१ मध्ये ब्रासला ४०० वरून ६०० रुपये झालं. सरकारी बांधकामांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. त्याआधीच्या दरांवर मान्यता मिळालेली कामं अपुरी पडली ती यामुळेच. मग सुधारित प्रशासकीय मान्यता घ्या, नाहीतर लांबी कमी करा, एवढेच पर्याय उरतात. चार किलोमीटरचा रस्ता तीन किलोमीटरवर संपलेला दिसतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्या ओढ्यावरचा नळकांडी पूल वाहून गेला. मुलं पाण्यातून शाळेत जातात. नवा पूल कधी होईल?
– मुखेड, जि. नांदेड

मुलांच्या जाण्यायेण्याचा प्रश्न आहे, म्हणून तात्पुरत्या आणि कायम कामाची मागणी वेगवेगळ्या अर्जांत करा. एकत्र केली की तात्पुरतं कामही मोठ्या पुलाच्या मंजुरीत अडकतं. तात्पुरत्या वळणरस्त्याला सिमेंटचे पाइप आणि मुरमाचा भराव पुरतो. पाइपावर किमान ६० सेंटिमीटर भराव हवा, नाहीतर पहिल्याच भरलेल्या ट्रॉलीखाली पाइप तडकतो. पाणी ज्या बाजूनं येतं त्या बाजूला भरावावर दगडांचं पिचिंग (रचून केलेलं अस्तर) असेल तर तो एक पावसाळा तग धरतो.

कायम पुलासाठी तुमचं नुकसान पूरहानीच्या यादीत आहे का, ते आधी पाहा. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात पायाभूत सुविधांसाठी १० हजार कोटी होते. पण यादीत नाव नसलेल्या पुलाला त्यातलं काहीच मिळणार नाही. तारीख आणि स्थान उमटलेले फोटो जोडून उपविभागाकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणखी एक काम गावानं आजच करावं. त्या पुरात पाणी कुठपर्यंत चढलं होतं ती खूण शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर रंगानं करा आणि बाजूला तारीख लिहा. पुलाची उंची ठरवताना अभियंते सर्वोच्च पूरपातळी गावकऱ्यांनाच विचारतात. अंदाजे सांगितलेल्या पातळीवर बांधलेला पूल पुन्हा बुडतो.

वैधानिक विकास मंडळ नसल्यामुळे मराठवाड्याचा रस्त्यांचा निधी कमी झाला का?
– कळमनुरी, जि. हिंगोली

निधी अडण्याची कारणं वर सांगितली, ती सगळ्या राज्याला लागू आहेत. पण मंडळ गेल्याचा तोटा झालाच आहे. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये ज्या क्षेत्रांचा अनुशेष मोजला, त्यात रस्तेही होते. विभागवार तुलना अधिकृतपणे मांडणारी आणि राज्यपालांपर्यंत नेणारी जागा आज रिकामी आहे, आणि ती भरावी असं आम्हाला ठामपणे वाटतं. तोवर आमदारांकरवी तारांकित प्रश्न विचारून जिल्हावार तरतूद आणि वितरणाचे आकडे सभागृहाच्या पटलावर आणता येतात. १६ सप्टेंबर २०२३ च्या छत्रपती संभाजीनगरातल्या मंत्रिमंडळ बैठकीत मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींहून अधिक रकमेची कामं जाहीर झाली. त्यातल्या आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक रस्त्याला किती तरतूद मिळाली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

वर्गणी काढून आम्हीच खड्डे बुजवले तर चालेल का?
– परंडा, जि. धाराशिव

आधी बांधकाम विभागाच्या खड्डे तक्रार ॲपवर फोटोसह नोंद करा. नवीन रस्ता ५०५४ या भांडवली शीर्षातून होतो आणि खड्डे ३०५४ या देखभालीच्या शीर्षातून. त्यामुळे 'मोठं काम मंजूर आहे, खड्ड्यांना पैसा नाही' या उत्तरावर समाधान मानू नका. कार्यारंभ आदेश निघेपर्यंत देखभाल विभागाचीच आहे.

तरीही गावानं करायचं ठरवलं तर शाखा अभियंत्याला लेखी कळवा आणि मुरूम-माती टाकू नका. पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि खड्डा आणखी रुंद होतो. खड्ड्याच्या कडा चौकोनी आणि उभ्या छाटा, सुटी खडी आणि धूळ झाडून काढा, तळाला आणि चारही कडांना डांबराचा पातळ हात द्या. खोल खड्डा एकदम भरू नका. दहा सेंटिमीटरपेक्षा जाड थर नीट दबत नाही. गरम मिश्रण हॉटमिक्स प्लँटवरून ताडपत्रीखाली आणा आणि त्याचं तापमान ९० अंशांखाली जाण्याआधी दबाई पूर्ण करा. पावसात गरम मिश्रण वापरू नका, पिशवीत मिळणारं थंड मिश्रण वापरा. भरलेला भाग रस्त्यापेक्षा किंचित वर ठेवा, वाहतुकीनं तो बसतो. आणि खड्डा पुन्हा त्याच जागी पडत असेल तर शेजारची मोरी तुंबली आहे का ते आधी पाहा.